हार्कर्सव्हिलची ड्रॉप किक

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने वर्षभर तरी तिकडचं तोंडभर कौतुक करत फिरावं, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मला ते जमलं नाही. कोल्हापुरात उतरलो त्या संध्याकाळीच तालमीच्या कट्ट्यावर मंडळी जमली आणि काय काय पाहिलं ते विचारू लागली. मी म्हणालो, झाडाची पडलेली पानं पिशव्यांत भरून फेकून देणारी आणि आठ दिवसांनी बागेसाठी पिशवीतली माती विकत आणणारी माणसं पाहिली. कोणाला पटलं नाही. पुतण्याने तिकीट काढून नेलं आणि हा खाल्ल्या घरचे वासे मोजतोय, असे चेहरे झाले. म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

आधी मी कोण ते सांगतो. पेठेच्या संघातून मी सेंटर हाफ खेळलो, बराच काळ अनवाणी. गुडघा कुरकुरायला लागल्यावर त्याच संघाला शिकवायला लागलो आणि शाळेतून पी.टी.चा मास्तर म्हणून निवृत्त झालो. फुटबॉलचा विषय निघाला की माझं डोकं तापतं, हे पेठेतल्या पोरासोरांनाही माहीत आहे.

पार्सिपनी

माझा पुतण्या सुहास न्यू जर्सीत पार्सिपनीला असतो. कॉम्प्युटरवर काम करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. घर ऐसपैस आहे, पण भिंती पोकळ. देवांची तसबीर टांगायची तर आधी भिंतीवर टिचक्या मारत आत लाकूड कुठे आहे ते शोधायचं. एवढ्या श्रीमंत देशात खिळ्याला आधार मिळत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं.

सुहासची बायको वैशाली गुणी मुलगी. पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम करते आणि सकाळी दुधात घालून खायच्या फुगवलेल्या तांदळाची भेळ. दोन्ही पदार्थ दिसायला अगदी मूळ पदार्थांसारखे दिसतात. मी दोन्ही वेळा 'छान झालंय' म्हणालो आणि खोलीत जाऊन बॅगेतली कांदा-लसणाची चटणी चाटली. शनिवारी मराठी मंडळी एकमेकांकडे जेवायला जमतात. पहिला अर्धा तास आपण कोणत्या रस्त्याने आलो आणि कोणत्या एक्झिटला बाहेर पडलो याची चर्चा चालते. मग जेवतात, आणि निघताना कोणत्या रस्त्याने परत जावं याची चर्चा होते.

एका रविवारी सुहास म्हणाला, "आबाकाका, आज टीव्हीवर गेम बघू या. फुटबॉल आहे, तुम्ही एन्जॉय कराल."

मी चष्मा पुसून बसलो. पडद्यावर उशा बांधलेली, डोक्यावर मडकी घातलेली आडदांड माणसं आली. ती वाकली, एकमेकांवर पडली आणि उठली. मग गोल करून त्यांनी मीटिंग घेतली. मग पुन्हा पडली. मध्ये ट्रकची जाहिरात झाली. पायाचा आणि बॉलचा संबंध आला तो माझा दुसरा चहा संपत असताना, आणि त्या एका लाथेसाठी एक वेगळा माणूस पगार देऊन ठेवला होता. बाहेर कानाला यंत्र लावून एक कोच उभा होता आणि पुढे काय करायचं ते तो आत कळवत होता. मी सुहासला विचारलं, ह्या खेळाडूंना स्वतःचं डोकं नाही का? तो म्हणाला, "काका, हे खूप स्ट्रॅटेजिक असतं." मी म्हणालो, आमच्या पेठेत याला कवायत म्हणतात आणि ती पंधरा ऑगस्टला करतात.

वैशालीने हळूच चॅनेल बदललं.

कुंपणापलीकडे

शेजारच्या घरात एक म्हातारा राहत होता, हुडाक नावाचा, मुलीकडे. चौऱ्याऐंशी वर्षांचा. मान आणि खांदे एकाच तुकड्यातले, बोटं वेडीवाकडी जुळलेली, आणि गुडघे गेल्यामुळे पुढे धरून चालायला चार पायांचा ॲल्युमिनियमचा घोडा. सुहासने मोठ्या आदराने सांगितलं की हे धंदेवाईक फुटबॉलच्या अगदी सुरुवातीच्या काळातले खेळाडू, आणि कोचही तेच. म्हणजे वरच्या गोंधळाचा मूळपुरुष शेजारीच राहत होता. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, आपल्याकडे असतो तर मी वाकून नमस्कार केला असता. इथे मी नुसती मान हलवली.

त्यानेही माझं स्वागत काही प्रेमाने केलं नाही. मी कुठला खेळ खेळायचो ते ऐकल्यावर म्हणाला, धक्का लागला की गडाबडा लोळतात तोच ना? मी म्हणालो, आम्ही निदान उशा बांधून खेळत नाही. यावर तो जोरात हसला आणि म्हणाला की उशा त्यानेही कधी बांधल्या नव्हत्या. टीव्हीवरच्या खेळाला तो माझ्याहून घाण शिव्या देत होता. आवाज बंद करून सामने बघायचा, कारण बडबडणाऱ्या निवेदकांचा त्याला तिटकारा होता. दोन तिरसट माणसांचं इतकं लवकर जमेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याच्याकडून कळलं ते असं. पेनसिल्व्हेनियात हार्कर्सव्हिल नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव. आठवडाभर हे लोक खाणीत उतरत आणि रविवारी सामना खेळत. अकरा जणांनीच पूर्ण वेळ खेळायचं, हल्ला त्यांनीच करायचा आणि अडवायचंही त्यांनीच. सगळ्यांत मला नवल वाटलं ते एका नियमाचं. मैदानाबाहेरून खेळाडूला काही सांगायला बंदी होती. बाहेर उभ्या कोचने एक शब्द उच्चारला तरी संघाला दंड होई. ज्याला शिकवायचं असेल त्याने आत उतरून, मार खात शिकवायचं. हुडाकचं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं तेव्हाही तो बाहेर गेला नाही, कारण बाहेर गेला असता तर बोलता आलं नसतं.

आमच्या पेठेत याच्या बरोबर उलटं. वस्ताद बाहेरून बोलतात, त्यांच्या शेजारचा पानवाला बोलतो, आणि ज्याने जन्मात बॉलला पाय लावला नाही तोही घसा बसेपर्यंत शिकवतो. मी स्वतः कोच असताना टचलाइनवर इतका धावायचो की सामन्यानंतर माझेच पाय चेपावे लागत. मी हुडाकला म्हणालो, तुमचा नियम मूर्खपणाचा होता. तो म्हणाला, "बाहेरून सगळ्यांनाच दिसतं. आत येऊन बोलायला दम लागतो."

सुहासच्या मुलीचा एक रबरी चेंडू अंगणात पडलेला होता. एका सकाळी पानं गोळा करता करता कंटाळून मी तो उचलला, हातातून सोडला आणि जमिनीला टेकताक्षणी उडवला. गॅरेजच्या छपरावरून तो पलीकडे गेला. कुंपणाकडून हुडाकचा आवाज आला, पुन्हा कर म्हणून. मी पुन्हा केलं. तो घोडा सरकवत कुंपणापर्यंत आला, आणि त्याचा चेहरा पाहून मला वाटलं याला काही होतंय की काय.

त्याला काय झालं होतं ते त्याने सांगितलं. त्याच्या काळात गोल मारायची खरी रीत हीच होती. ड्रॉप किक म्हणायचे. बॉल टोकावर सोडायचा आणि टप्पा पडत असतानाच मारायचा, दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून. पुढे बॉल अणकुचीदार झाला, टप्पा कसाही उडू लागला आणि ही किक संपली. हार्कर्सव्हिलचं ते जुनं मैदान आता मोडणार होते, तिथे शॉपिंग सेंटरच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. शेवटचा सामना शाळेच्या पोरांचा होता आणि मध्यंतरात हुडाकने येऊन हात हलवावा असं बोलावणं आलं होतं. तो शाळेच्या कोचला फोनवर म्हणाला, एखाद्या पोराकडून एक ड्रॉप किक मारून घ्या. तो माणूस हसला. म्हणाला, ती सर्कशीतली गंमत, खेळ थोडाच होता तो. मुलांना ती येत नाही, आणि तुम्ही सांगता तेवढ्या लांबून कोणी ती मारत असेल असंही वाटत नाही.

"मला खोटारडा ठरवून ते मैदान बुजवणार," हुडाक म्हणाला. "एकदा बघू देत त्यांना. मग काय ते बुजवा."

मला अमेरिकन फुटबॉलचं काडीचंही प्रेम नव्हतं. पण म्हाताऱ्या खेळाडूला त्याच्याच गावात खोटं पाडतात म्हटल्यावर मला रागच आला. आमच्या पेठेत असं कोणी केलं असतं तर त्या रात्री त्याच्या घरावर मंडळी गेली असती. मी किक मारायचं कबूल केलं.

त्याने कपाटातून आपला जुना बॉल काढला. हल्लीच्या बॉलसारखा टोकेरी नव्हे, पोट सुटलेला, भोपळ्याच्या जातीचा, वर चामड्याची वादी. हवा फार वेळ टिकत नव्हती. सुहास सायकलच्या पंपाने भरायचा आणि मी मारायचो. हुडाक कुंपणाला वळसा घालून आमच्या अंगणात येई आणि मगच तोंड उघडे. त्याचं एक पालुपद होतं, "जो खाली, तो जिंकला." माझ्या बरगडीखाली पंजा घालून त्याने मला असं काही उचललं की माझ्या टाचा सुटल्या. कुस्तीतही हेच सांगतात.

वैशालीला काळजी. "काका, तुमचा इथे इन्शुरन्स नाहीये. पायाला काही झालं तर? प्लीज, उगीच रिस्क नको."

मी तिला म्हणालो, पायाला जे व्हायचं ते पेठेत होऊन गेलंय.

हार्कर्सव्हिल

शनिवारी सकाळी सुहासच्या गाडीतून निघालो. पुढे हुडाक, मागे मी, माझ्या मांडीवर बॉल. ऑक्टोबरात तिकडे पानं लाल-पिवळी होतात आणि ती बघायला माणसं गाड्या काढून दूरदूर जातात, जाताना स्वतःच्या अंगणातली पिशवीत भरून ठेवतात. डोंगर सुंदर होते, हे कबूल करतो. मग डोंगर काळे झाले. जवळ गेल्यावर कळलं की ते डोंगरच नव्हते, खाणीतून निघालेल्या दगडमातीचे ढीग होते आणि त्यांवर बर्चची किडमिडी झाडं उगवली होती. खाली गाव. एक रस्ता, तीन चर्च, आणि बंद पडलेली दुकानं. या गावाला शॉपिंग सेंटर कशाला हवं होतं, हे तिथल्या कोणालाच सांगता आलं नाही.

दुपारचं जेवण एका चर्चच्या तळघरात होतं. तिथल्या बायांनी उकडलेल्या करंज्या केल्या होत्या, आत कुस्करलेला बटाटा आणि वर लोण्यात परतलेला कांदा. करंजीत बटाटा घालायचा आणि मिरची विसरायची, असं कुठे ऐकलं नाही. मी खिशातली चटणीची डबी काढली. हुडाकने मागितली म्हणून त्यालाही दिली. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, सुहास पाणी घेऊन धावला. श्वास परत आल्यावर त्याने डबी पुन्हा पुढे ओढली. त्या देशात मला भेटलेला तो पहिला समंजस जेवणारा.

मैदान उतारावर होतं, एका टोकाला बारीक काळी खडी वर आलेली. खांब मात्र जुने, लाकडी. हुडाक गाडीतून उतरून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला ओळखणारं असं कोणीच उरलं नव्हतं. शाळेच्या कोचने येऊन हात मिळवला, मोठ्याने बोलला, म्हातारी माणसं बहिरी असतात असं समजून. किक मारणार कोण, म्हणून विचारलं. सुहासने माझ्याकडे बोट दाखवलं. माझं पोट, टक्कल आणि वैशालीने विणलेला स्वेटर यांवरून त्याची नजर फिरली आणि त्याने सभ्यपणे ओठ आवळले.

मध्यंतर झालं. मी बूट-मोजे काढले तर शाळेच्या एक बाई पळत आल्या आणि अनवाणी चालणार नाही म्हणाल्या. हुडाकने त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण त्या परत फिरल्या. मात्र नियम म्हणून डोक्यावर मडकं घालावंच लागलं. तोंडासमोर गज. तुरुंगातून बाहेर बघावं तसं मला ते मैदान दिसत होतं. लाउडस्पीकरवाल्याने माझं नाव तीन प्रकारे चुकवलं, मी भारतातून आलेला जादूगार आहे असं काहीतरी सांगितलं, आणि प्रेक्षकांपैकी निम्मे सॉसेज आणायला उठले. कडेला बँडवाले ढोल अडकवून तयारच उभे होते.

मी पहिली किक मारली. बॉल जमिनीलगत सुसाटला आणि बँडमधल्या मोठ्या ढोलावर जाऊन धडकला. ढोल मोठ्याने वाजला. लोक इतके हसले की हसू लपवायला पंचही पाठमोरे झाले. शाळेचा कोच हसला नाही, त्याने फक्त खांदे उडवले, आणि ते मला जास्त लागलं.

मी हुडाककडे पाहिलं. तो रेषेबाहेर, घोड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. मी ओरडलो, काय चुकलं ते सांगा. त्याने ओठ घट्ट मिटले. मी पुन्हा ओरडलो. त्याने नकारार्थी मान हलवली आणि पायाखालच्या चुन्याच्या रेषेकडे बोट दाखवलं. साठ वर्षांपूर्वी मोडीत निघालेला नियम, तो विचारणारा जगात एक माणूस नाही, आणि हा बाबा तो पाळत उभा. मला त्या क्षणी त्याचा भयंकर संताप आला. बँडमास्तराने हात वर केला, म्हणजे आमची वेळ संपली होती.

तेव्हा हुडाक हलला. घोडा उचलून रेषेच्या आत ठेवला, मग एक पाय, मग दुसरा. तसाच सरकत तो आधी पंचांकडे गेला. पंच पोरगेलासा होता. हुडाकने त्याच्यापुढे ताठ उभं राहून स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि आपलं नाव सांगितलं, बदली खेळाडू सांगतो तसं. पंचाला काय वाटलं देव जाणे, पण त्याने बँडमास्तराला हात करून थांबवलं. मग हुडाक ती सगळी हिरवळ तुडवत माझ्याकडे यायला लागला. घोडा ठेवायचा, पाऊल टाकायचं, घोडा उचलायचा. सॉसेज घेऊन परतलेले लोक आपापल्या पायऱ्यांवर उभेच राहिले. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

माझ्याजवळ येऊन त्याने धाप टाकली आणि माझ्या डोक्यावरचं मडकं काढून गवतात भिरकावलं.

"तू खांब बघतोयस," तो म्हणाला. "खांब कुठे जात नाहीत. वादी बघ, पायाला लागेपर्यंत वादीच बघ. आणि खाली राहा."

एवढंच. मी वादी बघितली. बॉल टोकावर पडला, पायाला तो गार, जड, ओळखीचा ठोका लागला आणि मी वर बघितलंच नाही. लाकडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पोरगेल्या पंचाने दोन्ही हात आभाळाकडे उचललेले दिसले. बॉल दांड्यावर आदळून, तिथे घुटमळून, पलीकडच्या काळ्या खडीत पडला होता. शाळेच्या कोचने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. पायऱ्यांवरून टाळ्या आल्या त्या सावकाश आल्या, पण थांबेनात.

हुडाक म्हणाला, "दिसायला घाण होती. पण गोल म्हणून धरतात." मी पेठेत पोरांना नेमकं हेच म्हणायचो.

मग मला काय झालं कोण जाणे. तीन आठवडे या माणसापुढे मी नुसती मान हलवत आलो होतो. आता वस्तादापुढे वाकावं तसा मी त्याच्या पाया पडायला वाकलो. आपल्याकडे आपण वाकलो की वडीलधारी माणसं खांद्याला धरून उठवतात. हुडाकला यातलं काय ठाऊक? समोरचा माणूस खाली गेला एवढंच त्याने पाहिलं, आणि जन्मभराची सवय उसळून आली. त्याने घोडा सोडला आणि माझ्याहून खाली गेला. मी त्याच्या पायाशी पोचायला आणखी वाकलो, तर तो आणखी खाली. शेवटी त्याचे ते गेलेले गुडघे टेकले, त्याच्याबरोबर माझेही टेकले, आणि आम्ही दोघे गवतात, डोक्याला डोकं लावून, एकमेकांच्या खांद्यांना धरून बसलो. दोघांपैकी कोणालाही उठता येईना. त्या अख्ख्या देशात मी सगळ्यांना नावं ठेवत हिंडलो, पण माझ्याहून खाली वाकणारा माणूस मला तेवढा एकच भेटला.

सुहास धावत येत होता. त्याच्या आधी बँड निघाला, आणि आम्हाला मध्येच बसलेलं पाहून दोन्ही बाजूंनी वळसा घालून वाजवत पुढे गेला. त्या गदारोळात हुडाक माझ्या कानाशी काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, पण ते पालुपद मला आधीच पाठ होतं.